पळ आणि पळे

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी तुमच्या आईविषयी तक्रार केलीत. बागेतल्या दोरांच्या उंच शिडीवर तुम्ही चढता तेव्हा इतर मुलांच्या आया खाली उभ्या राहून वर बघतात, हात पुढे करतात, जपून म्हणून सांगत राहतात. आणि तुमची आई तेवढी पाठ फिरवून कुंपणाकडे तोंड करून उभी असते. धाकटी म्हणाली, "आजी, तिला आमची काळजीच नाही." थोरल्याने वर सांगितलं की ती बहुतेक फोन बघत असते.

ती फोन बघत नसते. इतक्या दुरून, डिचोलीत बसून, एवढं मी खात्रीने सांगू शकते. त्या पाठीच्या पलीकडे काय चाललेलं असतं ते मला माहीत आहे, कारण पाठ फिरवणं ती माझ्याकडून शिकली. फोनवर ते सांगता आलं नसतं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवलं. आधीचं आधी आणि नंतरचं नंतर आल्याशिवाय मला समाधान होत नाही. म्हणून लिहून पाठवते आहे. अक्षरं जड गेली तर आईकडून वाचून घ्या. तिनेही हे एकदा वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आधीचं म्हणजे पेडणे. माझं माहेर त्या तालुक्यात, सावंतवाडीच्या सीमेला लागून. मी लहान असताना तिथे पोर्तुगिजांचा अंमल होता. आम्हां मुलांना त्यातलं फारसं काही कळत नसे, पण आमच्या आईला कळत होतं. तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, एकदा पोलिसांनी आमच्याच अंगणातून उचलून नेलं होतं. संशय कसला होता ते शेवटपर्यंत समजलं नाही. काही दिवसांनी तो परत आला. हातपाय धड होते, पण त्यानंतर त्याला मोठ्याने बोलताना कोणी ऐकलं नाही. तेव्हापासून रस्त्यावर चाकांचा आवाज आला की आई एकच शब्द बोलायची: "पळ." ती ओरडायची नाही, दातांतून सोडल्यासारखा तो शब्द सोडायची. आम्ही भावंडं हातात असेल ते टाकून मागच्या दाराने काजूंच्या बागेत जाऊन बसायचो. कोण आलं आहे ते आधी बघायचं नाही, असा तिचा दंडक होता. मामा बघत उभा राहिला म्हणून सापडला, असं तिचं म्हणणं.

एकदा आम्ही काजूंत फार वेळ बसलो. पायांना मुंग्या डसत होत्या, पण उठायची कोणाची छाती नव्हती. शेवटी बाबा हाका मारत आले. त्यांच्या हातात गरम पाव होते. आलेला आवाज पोदेराच्या सायकलचा होता, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या सायकलचा. बाबा पोट धरून हसले, मग आम्हीही हसलो. आई हसली नाही. पाव टोपलीत ठेवता ठेवता म्हणाली, "आज पोदेर हुतो."

त्या 'आज'वर तिने दिलेला भार मी विसरले नाही. गोवा मुक्त झाला, पोलीस बदलले, मी म्हापशाला आणि मग गोव्याबाहेर शिकायला गेले, पण अचानक आवाज झाला की माझे पाय आधी निघत आणि डोळे मागून येत. कॉलेजात मानसशास्त्राचा एक पेपर होता. घंटा वाजली की तोंडाला पाणी सुटणारा कुत्रा त्यात होता. वर्गातल्या मुली त्या कुत्र्याला हसल्या. मला मात्र त्याची ओळख पटली.

लग्न होऊन मी डिचोली तालुक्यात आले, पाळी गावच्या वाटेवरच्या एका खेड्यात. घरात तुमचे आजोबा आणि त्यांची आई, म्हणजे तुमची पणजी. (पणजी म्हटलं की तुम्ही शहर समजता. ही माणूस होती, आणि शहरापेक्षा तिचा आवाज मोठा होता.) लग्नानंतर आठवडाही झाला नसेल. मी अंगणात कळशी घासत होते. सासूबाई पाठीमागून आल्या आणि एकदम म्हणाल्या, "पळे गो!"

मी पळाले. कळशी लवंडली, निऱ्या सुटल्या, चुलीपाशी जाऊन पोहोचले तेव्हा मला कळलं की मी पळाले आहे. बाहेर सासूबाई आंब्याकडे बोट दाखवत तशाच उभ्या होत्या. आंब्यावर धनेश पक्ष्यांची जोडी बसली होती. ती बघ, एवढंच त्या सांगत होत्या. त्यांच्या कोंकणीत 'पळे' म्हणजे बघ. आमच्या माहेरच्या घरात बघण्याला बघणंच म्हणत, आणि 'पळ' म्हणजे पळ.

ही गोष्ट त्यांनी वाड्यावर घरोघर सांगितली. पेडण्याची सून केली, पळे म्हटलं की पळते; हिला देवळात देव दाखवायचा तरी कसा, देव राहील गाभाऱ्यात आणि ही पोहोचेल पार साखळी गावाला. मीही हसत असे. पण त्या हसण्याखाली मला एक कळलं होतं. त्या घरात मुलांना वाढवलं होतं ते 'पळे' म्हणून. काही पडलं, काही वाजलं, काही नवीन आलं, की आधी पळे. तुमचे आजोबा त्यातूनच तयार झाले होते. ते वीजखात्यात होते. बिघडलेल्या फ्यूजसमोर ते हात पाठीमागे बांधून उभे राहत, आणि मी अंधारात चिडत असे. ते म्हणत, आमच्या खात्यात ज्यांचे हात डोळ्यांच्या आधी जातात ती माणसं निवृत्त होत नाहीत. काहीही विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "बघू."

मग तुमची आई झाली, आणि ती कोणावर गेली आहे ते बघण्यात सगळ्यांना रस होता. चालायला लागल्यावर लगेच दिसलं. ती बघणारी निघाली. तुळशीपाशी मुंग्यांची रांग लागली की ही उकिडवी बसून राहायची, भात निवून जाई. सासूबाई तिला कडेवर घेऊन दिवसभर पळे-पळे करत हिंडायच्या: पळे कुपां (म्हणजे ढग), पळे फुलां, पळे मांजर कशें बसलां. तिच्या बोलण्यातही कोंकणीच आधी आली. त्या वर्षांत गोव्यात मराठी की कोंकणी यावरून घराघरांत भांडणं होती. आमच्याकडे नव्हती. देवापाशी आणि कागदावर मराठी, चुलीपाशी कोंकणी, आणि माझ्या शाळेत इंग्रजी, अशी वाटणी होऊन गेली होती. भांडण होतं ते एका शब्दावरून, आणि ते फक्त माझ्या पोटात होतं.

कारण घरासमोर रस्ता होता.

तुम्ही सुटीत येता तेव्हा तो रस्ता शांत असतो. तेव्हा त्यावरून खाणींचे ट्रक जात. पावसाळा संपला की खनिज भरून नदीकाठच्या धक्क्याकडे जायचे आणि रिकामे परत यायचे, एकामागून एक, दिवसभर. ड्रायव्हरांना पैसे खेपेवर मिळत, म्हणून रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जास्त जोरात येई. घरांच्या भिंती, केळीची पानं, वाळत घातलेले कपडे, सगळं तांबडं व्हायचं. आमच्या वळणावर एका सकाळी एक सायकल पडलेली मी पाहिली. सायकलवाला लांब फेकला गेला म्हणून वाचला, पण पुढचं चाक कागदासारखं दुमडलं होतं. ते चाक मला कित्येक दिवस भात वाढताना दिसे.

तिची शाळा त्या रस्त्याच्या पलीकडे होती. सकाळी मी तुमच्या आईला पलीकडे पोहोचवून माझ्या शाळेसाठी साखळीची बस धरायची; दुपारी सासूबाई तिला आणायच्या. ती तिसरीत गेली त्या वर्षी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोर ट्रक आहे की म्हैस हे त्यांना आवाजावरून ओळखावं लागे. तेव्हा आम्ही असं ठरवलं की शाळा सुटल्यावर मुलीने शाळेच्या पायरीवर बसून राहायचं, आणि मी बसमधून उतरले की तिला अलीकडे आणायचं. पण असं किती दिवस चालणार? आज ना उद्या तिला तो रस्ता एकटीने ओलांडावा लागणार होता. आणि ती उभी राहून बघणारी मुलगी होती. मला रोज एकच चित्र दिसायचं: रस्त्याच्या मधोमध एक मूल उभं आहे आणि येणाऱ्या ट्रककडे बघतं आहे, मुंग्यांकडे बघावं तसं.

म्हणून मी तिला पळायला शिकवायला घेतलं.

संध्याकाळी अंगणात मी तिला तुळशीपाशी उभं करायची. मी "पळ" म्हटलं की तिने सोप्याच्या पायरीपर्यंत धावत यायचं, मध्ये थांबायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. पहिल्यांदा तिला तो खेळ वाटला. पण 'पळ' आणि 'पळे' ही सुरुवातीला एकसारखीच ऐकू येतात. माझ्या तोंडून 'पळ' निघालं की ती दोन पावलं टाकायची, मग तिची मान वळायची, कुठे काय बघायचं आहे म्हणून. मी पुन्हा उभं करायची. सोप्यावर बसून सासूबाई ऐकत असत. एकदा म्हणाल्या, "धांव म्हण गो तिका. पळ म्हटल्यार तें पळयता." त्यांचं बरोबर होतं, 'पळ' ऐकून ती बघायचीच; धाव म्हटलं असतं तर निदान शब्दाचा घोटाळा झाला नसता. पण भीती वाटली की माझ्या तोंडी माझ्या आईचाच शब्द यायचा, दुसरा सापडायचाच नाही. ऐन वेळी मी 'पळ'च ओरडणार हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मला तोच शिकवायचा होता.

महिन्याभरात खेळ संपला आणि वेगळंच काही सुरू झालं. 'पळ' ऐकलं की ती ना पळायची ना बघायची. ताठ व्हायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. पुढे पुढे ताट वाढलं तरी आधी माझ्याकडे बघून मग घास घ्यायची. तिच्या शाळेतल्या बाई एकदा बसमध्ये भेटल्या. म्हणाल्या, पाढे येतात हो तिला, पण सात आठे विचारलं की ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, उत्तर जणू माझ्या कपाळावर लिहिलेलं आहे. त्या हसत सांगत होत्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी तिला घेऊन रस्त्याच्या कडेला गेले. रविवारी ट्रक नसत. दोन्ही बाजूंना रस्ता मोकळा होता, एक कुत्रा मध्येच झोपला होता. तिचा हात धरून मी म्हटलं, आता तू सांग, जायचं की थांबायचं. तिने डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "येता."

येतोय म्हणजे? मी विचारलं, कुठे येतोय ट्रक?

"तुज्या तोंडार दिसता," ती म्हणाली.

तुझ्या तोंडावर दिसतो. तिला चेष्टा करायची नव्हती. जे दिसलं ते तिने सांगितलं होतं. त्या रिकाम्या रस्त्यावर मी खरोखर ट्रक बघत होते, आणि तो तिला माझ्या चेहऱ्यावर दिसला होता. मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी कुठल्याही खऱ्या ट्रकची वाटली नव्हती. पेडण्याच्या काजूंत मी ज्या भीतीने बसायचे ती निदान माझ्या पायांत होती. हिच्या बाबतीत ती डोळ्यांत शिरली होती. बघणं हीच या मुलीची मूळ ताकद होती, आणि आता ती रस्ता सोडून मला बघत होती.

घरी आल्यावर तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. ते नळाची चकती बदलत होते. चकती बसली, नळ उघडून बंद करून झाला, मग म्हणाले, "तिला बघता येतं. फक्त ती रस्त्याकडे बघत नाही, तुझ्याकडे बघते."

ते मलाही कळलंय, मी म्हटलं. मी काय करू ते सांगा.

"बघू," ते म्हणाले.

तुमच्या आजोबांवर मी आयुष्यात जितक्या वेळा रागावले त्यातल्या निम्म्या वेळा त्या एका शब्दावरून.

गोवा राज्य होण्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. भाषेचं आंदोलन पेटलं होतं, कधी या बाजूचे लोक रस्ता अडवायचे, कधी त्या. एका दुपारी साखळीहून बस सुटलीच नाही. पुढे कुठेतरी झाडं तोडून आडवी टाकली होती. मी चालत निघाले. वाटेत ट्रकांची रांग उभी होती, ड्रायव्हर सावलीत बसून विड्या ओढत होते. एवढा शांत रस्ता मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. उशीर झाला होता, शाळा केव्हाच सुटली असणार, पण ट्रक उभे आहेत एवढ्यानेच मला हायसं वाटत होतं.

गावाच्या जरा अलीकडे असताना मागून एक इंजिन सुरू झालं. मग दुसरं. झाडं बाजूला काढली असावीत. अर्धा दिवस फुकट गेलेले ड्रायव्हर होते ते, बुडालेल्या खेपा संध्याकाळपर्यंत भरून काढायला निघालेले. समोरून रिकामेही सुटले. माझ्या अंगावरून ट्रक जाऊ लागले तशी मी धावायला लागले. पिशवी छातीशी धरून, तांबड्या धुळीत, डोळे बारीक करून मी आमच्या वळणापर्यंत पोहोचले.

आमच्या बाजूला एक लहानसं दुकान होतं, केळी, पाव, सोडा असं विकायचं. दुकान चालवणारी बाई आमच्याच वाड्यावरची, जिभेची तिखट. मी दुकानासमोर येऊन थांबले आणि पलीकडे पाहिलं. तुमची आई शाळेच्या पायरीवर नव्हती. ती रस्त्याच्या अगदी कडेला येऊन उभी होती, दप्तर पाठीला. बाकीची मुलं गेली होती. माझी वाट बघून बघून ती पायरी सोडून पुढे आली होती.

तिने मला पाहिलं. तिचं तोंड उजळलं आणि एक पाय रस्त्यावर उतरला. नजर माझ्या चेहऱ्यावर, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. आणि वळणावरून रिकामा ट्रक येत होता. तो दिसण्याच्या आधीच त्याच्या फाळक्यांचा खडखडाट मला ऐकू आला.

'पळ' माझ्या तोंडात आलं होतं. ते निघालं असतं तर काय झालं असतं ते मला आजही ठरवता येत नाही. ती धावली असती तर ट्रकखाली. थबकली असती तर मधोमध. आणि मी गप्प उभी राहिले असते तरी माझं तोंड ओरडत होतंच, आणि ती तेच वाचत होती.

मी विचार केला असं सांगायला मला आवडलं असतं. विचार केला नाही. नेहमीसारखे माझे पाय आधी हलले. पण या खेपेला ते पळाले नाहीत, फिरले. मी रस्त्याकडे पाठ केली.

आता माझ्यासमोर दुकान होतं, आणि दुकानात ती बाई. ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होती. तिचे डोळे मोठे झाले, हातातलं केळं तसंच राहिलं. आणि मी काय करत होते? मी तिच्या तोंडावर रस्ता वाचत होते. ट्रक किती जवळ आला, पोर कुठे आहे, सगळं तिच्या भुवयांवर शोधत होते. माझी मुलगी इतके दिवस काय करत होती ते मला त्या दुकानासमोर समजलं. त्या बाईचं तोंड उघडलं तशी मी नजर खाली घातली. फळीवर सोड्याच्या बाटल्या होत्या, त्यांच्या मानेत अडकलेल्या काचेच्या गोट्या होत्या. मी त्या गोट्यांकडे बघत राहिले.

पाठीमागून ट्रक गेला. भोंगा वाजवत गेला. वाऱ्याने पदर उडाला, मानेवर खडे आपटले. मग दुसरा आला. भरलेला होता, जमीन हादरली. कोणाचा आवाज नाही, किंकाळी नाही, ब्रेक नाही. मी वळले नाही. वळावंसं वाटत नव्हतं असं नाही. मान वळू नये म्हणून मी फळीची कडा धरून ठेवली होती. मला वाटत होतं की मी आता वळले तर तिला माझं तोंड दिसेल, आणि या तोंडाकडे बघून कोणी रस्ता ओलांडू नये असं ते झालं होतं. आणखी एक ट्रक गेला. मग थोडा वेळ काहीच गेलं नाही. ती शांतता सगळ्यांत वाईट होती.

मग माझ्या लोंबणाऱ्या हातात बोटं आली.

मी खाली पाहिलं. तुमची आई शेजारी उभी होती. केस, पापण्या, ओठ, सगळं तांबडं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझा हात उलटा करून बघत होती.

"तुजो हात भिजला," ती म्हणाली. आणि मग, तक्रार केल्यासारखं: "तूं पळयनासली. मागीर हांवेंच पळयलें."

तू बघत नव्हतीस. मग मीच बघितलं.

दुकानातल्या बाईला आता बोलायला जोर आला. एवढी शिकलेली तुम्ही, शाळेत दुसऱ्यांची पोरं सांभाळता आणि आपली रस्त्यावर टाकून सोडा बघत उभ्या राहता. ती बरंच बोलली. शेवटी म्हणाली, "बाई, तुमकां काळीज आसा काय फातर?"

फातर म्हणजे दगड. केळी घेतली, पैसे दिले, मुलीचा हात धरून घरी आले आणि सोप्यावर बसले ती संध्याकाळ होईपर्यंत उठले नाही.

सासूबाईंनी नातीला जवळ घेतलं. त्यांना आता फारसं दिसत नसे, म्हणून दिवसभरात काय काय पाहिलंस ते ती त्यांना रोज सांगायची. पण गेले काही महिने सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसे. त्या दिवशी सांगत सुटली. पहिल्या ट्रकच्या आरशाला हिरवी चिंधी बांधली होती. तो गेल्यावर जाणार होती, पण दुसऱ्या बाजूने भरलेला दिसला, भरलेला हळू येतो पण त्याला पटकन थांबता येत नाही, म्हणून थांबली. तिसऱ्याचा ड्रायव्हर गात होता, त्याचं तोंड हलताना दिसलं. मग वळणापर्यंत धूळ खाली बसेतो थांबली, कारण धुळीत काही दिसत नाही. सासूबाई मध्ये मध्ये म्हणत होत्या, आणि? आणि कितें पळयलें?

मी ऐकत होते आणि प्रत्येक ट्रक मला आता पहिल्यांदा दिसत होता. 

त्या दिवसाने माझी भीती गेली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी ती तशीच होती, आजही आहे. तुमची आई धिटाईने रस्ता ओलांडू लागली असंही लगेच झालं नाही. कित्येकदा ती कडेला उभी राहून मान वर करायची आणि मी घाईने तोंड फिरवायची. दिवसेंदिवस मी दुकानाकडे, भिंतीकडे, केळीच्या पानांकडे बघत उभी राहिले. वाड्यावर माझं नाव झालं होतं, पाठ फिरवणारी आई. अंगणातलं 'पळ' मात्र बंद केलं. माझी आई एकदा पेडण्याहून राहायला आली होती, तिने मला असं उभं राहिलेलं पाहिलं आणि विचारलं की हे काय नवीन. मी समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की आम्हांला पळवताना तिला स्वतःला कधी पळता आलं नाही, कोणीतरी दारात राहायला हवं होतं. आम्ही काजूंत असताना ती दारात उभी असायची, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं.

पुढे तुमची आई सायकल शिकली तेव्हा मी विहिरीकडे तोंड केलं. ती शिकायला परराज्यात निघाली तेव्हा बसच्या उलट दिशेला. आणि लग्नानंतर दाबोळीच्या विमानतळावर ती आत जाताना सगळे हात हलवत होते, तेव्हा मी काचेला पाठ लावून उभी होते. तुमचे आजोबा माझ्या वाटणीचं बघत होते. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी सांगितलं, "वळून बघितलं नाही तिने. नीट पुढे बघत गेली." मग खिशातून रुमाल काढून माझ्याकडे दिला, हात पुसायला.

तेव्हा बाळांनो, शिडीवर चढाल तेव्हा दोरांकडे बघा. खाली कुंपणाकडे तोंड करून उभी आहे तिच्याकडे बघू नका; ती मुद्दाम तशी उभी आहे. मात्र खाली उतरलात की मागून जाऊन तिचा हात धरा. तो ओला असेल. त्याबद्दल काही बोलू नका. वर काय काय दिसलं ते तिला सांगा.